कुत्र्या-तट्टांचा खेळ

लिहिण्याचे धाडस करीत आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागते. बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी जे काही लिहिले, ते यंत्रांच्या माहितीपुस्तिकांपुरतेच होते. 'झाकण उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा' याहून अधिक भावोत्कट वाक्य माझ्या हातून उतरलेले नाही, आणि तेही कोणी वाचले असल्याचा पुरावा माझ्यापाशी नाही. शाळेत असताना बाईंनी माझा निबंध वर्गात मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा मी बाकाखाली पडलेली पेन्सिल शोधण्याच्या निमित्ताने निबंध संपेपर्यंत वर आलेच नव्हते. अशा व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीचे चित्र रेखाटायला बसावे हा आगाऊपणाच. तरीही बसले आहे. कारण ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ते स्वतःविषयी एक शब्दही लिहिणार नाहीत, आणि मला जे विचारायचे आहे ते त्यांना विचारण्याची माझी हिंमत नाही.

ते माझे माजी वरिष्ठ. सिंगापूरच्या कार्यालयांत लहानथोर सारेच एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. माझी जीभ मात्र 'सर'च्या पुढे कधी गेली नाही, आणि तेही मला शेवटपर्यंत 'बाई'च म्हणत राहिले. तर या भूतलावर पाहुण्यांपुढे एखादी वस्तू मांडून दाखवण्याची कला सरांइतकी कोणालाच साधलेली नाही, असे माझे ठाम मत आहे. त्यांनी पेलाभर पाणी टेबलावर ठेवले, पेला अंशभर उजेडाकडे वळवला आणि दोन पावले मागे सरकून ते नुसते उभे राहिले, तरी बघणाऱ्याला वाटावे की पाण्याचा शोध नुकताच लागला असून तो जुरोंग ईस्टमध्ये लागला आहे.

जुरोंग ईस्टमधील एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर आमची लहानशी प्रयोगशाळा होती. जमिनीखालून जाणाऱ्या जलवाहिन्यांना कोठे गळती लागली आहे, हे नुसत्या आवाजावरून ओळखणारे उपकरण आम्ही तयार करीत होतो. कंपनीचे मुख्य कार्यालय अमेरिकेत. तेथून वर्षातून दोनदा पाहुणे येत, पाहून जात, आणि प्रयोगशाळा आणखी सहा महिने चालू ठेवायची की नाही हे ठरवत. म्हणजे आमच्या नोकऱ्या, नोकऱ्यांवर अवलंबून असलेले पास, म्हणजे येथे राहण्याचे सरकारी परवाने, आणि पासावर अवलंबून असलेली आमची घरे, मुलांच्या शाळा, बाल्कनीतल्या तुळशी, सारे काही त्या दोन तासांच्या भेटीवर तोललेले असे. तो तोल सरांनी पंधरा वर्षे सांभाळला.

भेटीच्या आधीच्या आठवड्याला ते 'घर आवरणं' म्हणत. करकरणाऱ्या खुर्च्यांना तेल मिळे. आमचा एक चिनी सहकारी अतिशय उंच होता. तो उभा राहिला की छत बुटके दिसते, म्हणून पाहुणे असेपर्यंत त्याने बसून राहावे असा सरांचा आग्रह असे, आणि तो बिचारा एका पाहुण्याशी हस्तांदोलनही बसूनच करून मोकळा झाला होता. भिंतीवरच्या फळ्यावर सर स्वतः समीकरणे लिहीत आणि मग तळहाताने त्यातली अर्धी पुसून टाकत. मी एकदा न राहवून विचारले, "सर, मग लिहायचीच कशाला?" त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिले. "अहो बाई, भरलेला फळा म्हणजे वर्ग. अर्धा पुसलेला फळा म्हणजे संशोधन."

पडद्यावर दाखवायच्या स्लाइड्स मी करीत असे. नियम त्यांचे असत. एका स्लाइडवर सातापेक्षा अधिक शब्द नकोत. स्वतःची स्तुती दुसऱ्या कोणाच्या तोंडी घालावी. सर्वांत महत्त्वाचा नियम वाईट बातमीचा होता. ती नेहमी चौथ्या स्लाइडवर यावी, आणि तिसऱ्या स्लाइडवर एक झाड असावे; बाकी काही नाही, फक्त झाड. झाड दाखवून मनात तीन अंक मोजावेत आणि मगच पुढे जावे. "झाड पाहिलं की माणूस श्वास सोडतो," ते सांगत. "अन् श्वास सोडलेल्या माणसाला काहीही सांगता येतं." या एका झाडाच्या आडोशाने आम्ही दोनदा लांबलेले काम, एकदा फुटलेली टाकी आणि एकदा संपूर्ण फसलेली चाचणी पार केली.

झाडानंतर क्रम पोह्यांचा. सर मूळचे विदर्भातले. भेटीच्या आदल्या शनिवारी ते स्वतः लिटिल इंडियात जात, सेरंगून रोडवरच्या दुकानात पिशवी कानापाशी नेऊन हलवत आणि आवाजावरून पोहे पारखत. उपकरणाची मूळ कल्पना तेथेच सुचली असावी असा माझा संशय आहे. भेटीच्या दिवशी पहाटे वहिनी सरांच्या मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये पोहे करीत, आणि सर भलामोठा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन, आधी बसने, मग एमआरटी मेट्रोने जुरोंग ईस्ट गाठत. पोह्यांवर ओतायची झणझणीत तर्री वेगळ्या थर्मासमध्ये. गाडीत खाण्यापिण्याला बंदी आहे, पण तर्रीच्या वासाने आसपासच्या माना वळत, तेव्हा सर अभिमानाने म्हणत, "वासाला दंड नाही." पाहुण्याच्या चेहऱ्यावरून ते त्याची तर्री ठरवत. "हा अर्ध्या चमच्याचा दिसतो. त्या बाईंना मात्र डाव द्या." त्या बाई तर्री खाऊन घळाघळा रडल्या, आणि त्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेला दोन माणसे वाढवून मिळाली.

"हा सगळा कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे हो," सर म्हणत. "मुलगी बघायला येतात, पोहे खातात, गाणं म्हणायला लावतात, चालून दाखवायला लावतात, आणि 'कळवतो' म्हणून जातात. हेही 'कळवतो'च म्हणतात, फक्त इंग्रजीत. अन् आपण सहा महिने दाराकडे बघत बसतो."

अमेरिकेत अशा कार्यक्रमाला 'डॉग अँड पोनी शो' म्हणतात, हे मला सरांनीच सांगितले. मलाच काय, साऱ्यांनाच सांगितले. कारण ते सांगणे हा आमच्या प्रात्यक्षिकाचाच भाग होता. खोलीच्या मध्यभागी एक पारदर्शक नळी होती, तीत गुलाबी रंगाचे पाणी फिरत असे. सर एका पाहुण्याच्या हाती सुई देऊन त्यालाच नळीला छिद्र पाडायला लावत. उपकरण तो सूक्ष्म आवाज ऐके, विचार करी, आणि मग हिरवा दिवा लावी. अडचण एवढीच की, त्याला विचार करायला चार मिनिटे लागत. जमिनीखालच्या नळासाठी चार मिनिटे म्हणजे काहीच नाही. पण उभ्या असलेल्या माणसासाठी चार मिनिटे हा फार मोठा काळ असतो. दिवा खोटा लावून देण्याची सूचना एकाने केली होती, तेव्हा सर आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते. "सजवायचं किती ते आपल्या हातात आहे," ते म्हणाले, "पण दिवा त्याच्या त्याने लागला पाहिजे." म्हणून त्यांनी ती चार मिनिटे गोष्टीने भरली.

गोष्ट अशी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत मोठमोठ्या सर्कशी मोठ्या शहरांत जात. वाघ-सिंह-हत्ती बाळगणाऱ्यांना खेडी परवडत नसत. मग खेड्यांत लहान सर्कशी जाऊ लागल्या. त्यांच्याकडे सिंह नव्हते. शिकवलेली कुत्री होती आणि लहान चणीची तट्टे होती. कुत्री मागच्या पायांवर चालत, तट्टे खुरांनी अंक मोजत. मालक स्वतःला 'प्रोफेसर' म्हणवून घेई. कॉलेजचे तोंड त्याने पाहिलेले असो वा नसो. गावकरी ठेवणीतले कपडे घालून येत. पुढे काळ बदलला, लोकांनी मोठे खेळ पाहिले, आणि त्याच लहान खेळाचे नाव टिंगलीचे झाले. सैन्यात वरिष्ठ अधिकारी तपासणीला यायचे असले की जी रंगरंगोटी होई तिला ते नाव पडले. मग कचेऱ्यांत, मालविक्रीत, आतून फारसे काही नसलेल्या कोणत्याही झगमगीत सादरीकरणाला. "पण सभ्य स्त्री-पुरुषहो," सर इंग्रजीत सांगत, "त्या तट्टाला अंक खरोखरच मोजता येत होते. टिंगल नावाची झाली, मेहनत तट्टाची होती. तर हा आमचा डॉग अँड पोनी शो; मी प्रोफेसर, आणि हे आमचं तट्टू." येथे ते उपकरणाकडे हात करीत, पाहुणे हसत, आणि नेमका त्याच क्षणी हिरवा दिवा लागे. पंधरा वर्षांत गोष्ट कधी तीन मिनिटे पन्नास सेकंदांची झाली नाही की चार मिनिटे दहा सेकंदांची झाली नाही.

ही गोष्ट त्यांना इतकी प्रिय का, हे मला एकदा बुद्धजयंतीला त्यांच्या घरी जेवायला गेले असता कळले. ते मागासवर्गीय मुलांच्या वसतिगृहात शिकले. वर्षातून एकदा तपासणीला अधिकारी येत. त्या दिवशी सकाळी साऱ्यांच्या खाटांवर पांढऱ्याशुभ्र चादरी अंथरल्या जात, प्रत्येकाच्या ताटात एकेक केळे ठेवले जाई. आणि अधिकाऱ्यांची गाडी वळणाआड जाताच चादरी घड्या होऊन कपाटात बंद. पाहुण्यांपुढे इंग्रजीतून पाढे म्हणायला सरांना उभे करीत. "तिथलं तट्टू मीच," ते हसून म्हणाले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी फक्त सरांच्या पानात आणखी एक पुरी वाढली. "केळी परत घेत होते का हो?" मी विचारले. "छे! केळं खायला मिळायचं," सर म्हणाले. "चादर न्यायचे. पण मी पाढे म्हणत होतो ते काही खोटे नव्हते ना? ते कुणाला कपाटात ठेवता आले नाहीत."

येथपर्यंत लिहिणे सोपे गेले. यापुढचे गेले वर्षभर लिहिता आलेले नाही.

गेल्या वर्षीच्या दुसऱ्या भेटीच्या नऊ दिवस आधी मला कंपनीच्या मनुष्यबळ विभागात बोलावणे आले. तेथील अतिशय सौम्य बोलणाऱ्या बाईंनी दार लावले, मला पाणी दिले आणि एक कागद पुढे सरकवला. त्यावर, ऐकलेले बाहेर बोलणार नाही, अशी सही करायची होती. मी केली. मग त्यांनी सांगितले की प्रयोगशाळा बंद करण्याचे ठरले आहे, पाहुणे या वेळी पाहायला नव्हे, सांगायला येत आहेत, आणि ते सांगण्यासाठी मोजक्या स्लाइड्स हव्या आहेत. "तुम्ही फार सुंदर करता," त्या म्हणाल्या. माझी नोकरी जाणार नव्हती. वरच्या मजल्यावर दुसऱ्या विभागात मला जागा होती. माझी मुलगी त्या वर्षी दहावीच्या परीक्षेला बसायची होती. मी आभार मानले. होय, मी आभार मानले.

त्या नऊ दिवसांत सरांनी खुर्च्यांना तेल दिले. फळा लिहिला आणि अर्धा पुसला. सहाव्या दिवशी ते खुशीत येऊन सांगू लागले की मरीन परेडच्या फ्लॅटचा भाडेकरार आणखी दोन वर्षांसाठी झाला, वहिनींनी बाल्कनीत कढीपत्ता लावलाय. मी म्हणाले, "वा, सर." सिंगापुरात नोकरी गेली की पास जातो, आणि पास गेला की आवरायला जेमतेम महिना मिळतो. हे मला ठाऊक होते, त्यांनाही ठाऊक होते. तो महिना आता सुरू होणार आहे, एवढे फक्त मलाच ठाऊक होते.

सातव्या दिवशी मी त्या दुसऱ्या स्लाइड्स करीत असताना ते मागे येऊन उभे राहिले. खुर्चीला तेल दिलेले असल्याने मी दचकले तरी ती करकरली नाही. "काय करून राहिल्या, बाई?" पडद्यावर सुदैवाने फक्त झाड होते. ते त्यांना आपल्याच कार्यक्रमातले वाटले. चष्मा कपाळावर नेऊन त्यांनी ते जवळून पाहिले. "हे नको. फांद्या तुटक्या दिसतात, पाहणाऱ्याला आधार वाटत नाही. इथला रेन ट्री घ्या, आमच्या ईस्ट कोस्टच्या रस्त्यावर आहेत तसा. भरगच्च. खाली सावली दिसली पाहिजे." मी झाड बदलले. त्यांनी "आता बरोब्बर!" म्हटले आणि ते पुन्हा फळा पुसायला गेले.

भेटीच्या दिवशी डबा आला, थर्मास आला. पाहुणे तिघे होते. उशीर झाला आहे, न्याहारी हॉटेलात झाली आहे, असे म्हणाले. सरांनी तरीही बशा भरल्या. मग त्यांनी सुई त्यांच्यातल्या प्रमुखाच्या हाती दिली, त्याने घाईघाईने छिद्र पाडले, आणि गोष्ट सुरू झाली. सर्कशी खेड्यांत पोहोचल्या, कुत्री मागच्या पायांवर उभी राहिली, मालक प्रोफेसर झाला. आणि प्रमुखाने घड्याळाकडे पाहून अत्यंत शिष्टाचाराने म्हटले, हे सारे फारच छान आहे, पण आपण बैठकीच्या खोलीत जाऊ या का? सर क्षणभर हात उंचावलेल्या अवस्थेत तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "अर्थातच." सारे गेले. बशा गोळा करण्यासाठी मी मागे थांबले. खरे तर त्यांच्याबरोबर चालत जाण्याचे माझे धैर्य नव्हते. एकाही बशीला चमचा लागलेला नव्हता. गुलाबी पाणी फिरत होते. त्या रिकाम्या खोलीत, कोणीही हसत नसताना, हिरवा दिवा लागला.

मी बैठकीच्या खोलीत शिरून उरलेल्या एकमेव, सरांशेजारच्या खुर्चीत बसले तेव्हा पहिली स्लाइड संपत आली होती. दुसरीवर आमच्या कामाची स्तुती होती, आमच्याच एका ग्राहकाच्या तोंडी घातलेली. सहा शब्द. तिसरीवर रेन ट्री आला. भरगच्च, खाली सावली. प्रमुख थांबला. एक, दोन, तीन. खोलीतल्या साऱ्यांनी श्वास सोडला. सर तेवढे पडद्याकडे पाहत नव्हते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. त्यांच्या नजरेत राग असता तर तो मी शिक्षेसारखा स्वीकारला असता. पण त्या नजरेत ओळख होती, जशी आपल्या अक्षराची असते. चौथी स्लाइड आली, आणि ती वाचली जात असताना सर माझ्याकडे किंचित झुकून, अगदी हळू, मराठीत म्हणाले, "झाड बरं आलंय, बाई."

बैठकीनंतर ते लिफ्टपाशी भेटले. डबा त्यांच्या हातात होता, तसाच जड. मला वाटले, आता विचारतील. त्यांनी विचारले, "दिवा लागला का हो?"

"लागला, सर."

"किती वेळात?"

"चार मिनिटं."

"बरोब्बर," ते म्हणाले, आणि डबा माझ्या हाती दिला. "मुलीला द्या. तर्री जपून."

त्या संध्याकाळी मुलीने पोहे खाल्ले आणि मी तिला सारे सांगितले. तिने चमचा खाली ठेवला. "मम्मा, यू न्यू नाइन डेज, आह?" नऊ दिवस तुला ठाऊक होतं, असे ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारत होती. मी म्हणाले की कागदावर सही केली होती, तुझी परीक्षा होती, आणि सरांना बहुधा कळलेही नसेल की ते मी... "अंकल नॉट ब्लाइंड, लाह," ती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली. परीक्षेत तिला उत्तम गुण मिळाले.

महिन्याच्या आत सर आणि वहिनी परत गेले. भाडेकराराचे त्यांनी कसे निस्तरले, ते मी विचारले नाही. कढीपत्त्याची कुंडी त्यांनी मला आणून दिली. ती आमच्या बाल्कनीत आहे आणि, सांगायला लाज वाटते, फोफावली आहे. कंपनीने भंगारात काढलेली नळी आणि जुने उपकरण मात्र ते मागून घेऊन गेले. आता ते त्यांच्या जुन्या वसतिगृहात शनिवारी मुलांना विज्ञान शिकवतात. मधूनमधून छायाचित्र पाठवतात: गुलाबी पाणी, भोवती मुले, मागे खाटांवर चादरी. चादरी रोजच असतात, असे त्यांनी एकदा मुद्दाम कळवले. गोष्ट मात्र ते आता सांगत नाहीत. "पोरं गप्प बसून चार मिनिटं नळीकडे बघतात," त्यांनी लिहिले होते, "गोष्टीची गरजच पडत नाही." शेवटी नेहमीप्रमाणे 'मुलीला आशीर्वाद'.

मला केव्हापासून माहीत होते, हे त्यांनी आजतागायत विचारलेले नाही, आणि मी सांगितलेले नाही. माझ्याजवळची कारणे मी वर लिहिली आहेत. लिहून झाल्यावर ती सातापेक्षा कमी शब्दांत बसतील अशी दिसतात. म्हणून, ज्यांना मी ओळखत नाही अशा तुम्हाला विचारते. तुम्ही माझ्या जागी असता, तर त्यांना सांगितले असते का?